बुरशीची भीती किती खरी? पुण्यातल्या प्रयोगशाळेतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायला लागतात. भिंतीवरचा काळा डाग, लोणच्याच्या बरणीतला पांढरा पापुद्रा, मांडीवरचं लाल कडं. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्राचं काम करते आणि गेली १८ वर्षं तिथलं बुरशीचं टेबल माझ्याकडे आहे. २०२१ मध्ये करोनाच्या लाटेत काळी बुरशी आली, तेव्हापासून या फोटोंच्या खाली हमखास एक ओळ असते: "ते परत येणार नाही ना गं?" नातेवाईक, सोसायटीतली माणसं, ढोल-ताशा पथकातली मुलं, सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते आहे. औषध कोणतं घ्यायचं हे सांगणं डॉक्टरांचं काम आहे, माझं नाही. काचपट्टीवर काय दिसतं आणि त्याचा अर्थ काय, एवढं मी सांगू शकते.

पुढची महासाथ बुरशीची असेल का?

करोनासारखी नाही. करोना एकाच्या श्वासातून दुसऱ्याच्या श्वासात जात होता. जीवघेण्या बुरश्या बहुतेक करून तसं करत नाहीत. त्या मातीत, धुळीत, सडक्या पाल्यात, पक्ष्यांच्या विष्ठेत वाढतात आणि त्यांचे बीजाणू हवेबरोबर आपल्या नाकात येतात. आत्ता हे वाचतानाही काही आत गेले असतील. निरोगी फुप्फुस त्यांचा परस्पर निकाल लावतं, आपल्याला पत्ताही लागत नाही.

पण साथ येणार नाही याचा अर्थ धोका नाही असा कुणी घेऊ नये. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ६५ लाख लोकांना शरीरात खोलवर शिरणारा बुरशीसंसर्ग होतो. अशा रुग्णांपैकी सुमारे ३८ लाख दगावतात आणि त्यातल्या २५ लाख मृत्यूंना बुरशी थेट जबाबदार असते. हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे; बऱ्याच देशांत तपासणीच होत नाही. तरी तुलनेसाठी सांगते, २०२३ मध्ये टीबीने जगभरात साडेबारा लाख माणसं गेली. टीबीचं पोस्टर प्रत्येक सरकारी दवाखान्यात आहे. बुरशीचं तुम्ही कधी पाहिलंय?

जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरश्यांची पहिली यादी काढली ती थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये. तीत १९ नावं आहेत आणि सर्वांत वरच्या गटात चार: क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, कॅन्डिडा ऑरिस, अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस आणि कॅन्डिडा अल्बिकन्स. शेवटच्या तिन्ही बुरश्या माझ्या टेबलावर नेहमीच्या आहेत.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे की बुरशीला आत यायला लागणाऱ्या वाटा बहुतांशी आपणच करून दिल्या आहेत. हाताबाहेर गेलेली साखर, चिठ्ठीशिवाय मिळणारं स्टेरॉइड, शेतात आणि दवाखान्यात एकाच कुळातल्या औषधांचा मारा, आणि वेळेवर न केलेली तपासणी. खालची बहुतेक उत्तरं फिरून या चार गोष्टींपाशीच येतात.

मग आजवर आपण वाचलो कसे?

मुख्यतः अंगातल्या उष्णतेमुळे. जगात बुरशीच्या २० ते ५० लाख जाती असाव्यात असा अंदाज आहे. त्यातल्या दीड लाखाच्या आसपास जातींना आपण नावं दिली आहेत आणि माणसाला आजारी पाडणाऱ्या जेमतेम काही शे. बाकीच्यांपैकी बहुतेकींना ३७ अंश सोसवत नाही. हजारो बुरश्यांवर केलेल्या एका अभ्यासात दिसलं, की तापमान ३० अंशांच्या वर गेलं की दर एका अंशाला साधारण ६ टक्के जाती गळतात. म्हणजे आपलं शरीर बुरशीच्या दृष्टीने कायमचा वैशाखवणवा आहे.

ज्या प्राण्यांकडे ही ऊब नाही, त्यांचं काय झालं ते पाहिलं की बुरशीची खरी ताकद कळते. कायट्रिड नावाच्या बुरशीमुळे जगभरात बेडूकवर्गातल्या किमान ५०१ जातींची संख्या घसरली आणि त्यातल्या ९० जाती नामशेष झाल्या असाव्यात. अमेरिकेत २००६ पासून वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी येऊ लागली आणि लाखोंनी वटवाघळं मेली. ती मेली हिवाळी झोपेत, म्हणजे त्यांचं अंग थंड असतानाच. बेडकांवरची ती बुरशी आपल्या सह्याद्रीतही आहे. पुण्यातल्याच संशोधकांनी २०१३ साली ती इथल्या बेडकांवर नोंदवली. आपल्याकडे तसा संहार झाल्याचं दिसलेलं नाही.

तापमानवाढीमुळे हे संरक्षण कमी होईल का?

हा प्रश्न शास्त्रज्ञही गंभीरपणे विचारतात. हवा तापत गेली तर मातीतल्या बुरश्या हळूहळू उष्णता सोसायला शिकतील आणि त्यातली एखादी ३७ अंशांचा उंबरठा ओलांडेल, अशी ही मांडणी आहे. कॅन्डिडा ऑरिस हे तिचं पहिलं उदाहरण असावं असं काहींचं म्हणणं आहे. ही बुरशी २००९ मध्ये जपानमध्ये एका ७० वर्षांच्या बाईंच्या कानातून मिळाली. लॅटिनमध्ये ऑरिस म्हणजे कानाचा. पुढच्या काही वर्षांत ती भारतीय उपखंड, पूर्व आशिया, दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत जवळपास एकाच काळात उगवली, आणि प्रत्येक ठिकाणचा वंश वेगळा. एका जागेवरून विमानाने पसरली असती तर वंश एक असता. २०२१ मध्ये ती अंदमानच्या किनाऱ्यावर आणि माणसांचा वावर नसलेल्या खाजणात सापडली. ही मांडणी सिद्ध झालेली नाही, पण मला ती उडवून लावावीशी वाटत नाही.

कोलकात्याची एक घटनाही सांगण्यासारखी आहे. झाडांच्या बुरश्यांचा अभ्यास करणाऱ्या ६१ वर्षांच्या एका गृहस्थांच्या घशाजवळ गळू झालं आणि त्यात झाडांना होणाऱ्या रोगाची बुरशी निघाली. २०२३ मध्ये हे जगापुढे आलं. ते गृहस्थ औषधांनी बरे झाले आणि त्यांच्यापासून दुसऱ्या कुणाला काही झालं नाही. अशा एकेकट्या घटना वाचून झोप उडवून घेऊ नका, पण त्यांची नोंद ठेवणारी माणसं हवीत.

मुंग्यांना झपाटणारी बुरशी माणसात येईल का?

नाही. मुंगीच्या अंगात वाढून तिच्या हालचाली ताब्यात घेणारी ती बुरशी आणि ती मुंगी लाखो वर्षं एकमेकींसोबत घडत आल्या आहेत. मुंग्यांच्या एका जातीत चालणारी बुरशी बहुधा दुसऱ्या जातीतही नीट चालत नाही. माणसाची ऊब आणि माणसाचा मेंदू तिच्या आवाक्यात नाही. या प्रश्नावर एवढंच पुरे.

२०२१ मध्ये काळ्या बुरशीने नेमकं काय केलं? ते पुन्हा होईल का?

त्या मे महिन्यात आमच्याकडे नाकातून खरवडलेले नमुने डब्यांच्या रांगांनी यायचे. दुसऱ्या लाटेआधी मी वर्षभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पाहत असे. तेव्हा एका दिवसात तेवढे येत होते. काळपट खपलीचा तांदळाएवढा तुकडा काचपट्टीवर घ्यायचा, वर पोटॅशचा थेंब टाकायचा, काही मिनिटं थांबायचं. पेशी विरघळतात, बुरशी तशीच राहते. भिंगाखाली रुंद, सुरकुतलेल्या फितीसारखे तंतू, मधे पडदे जवळजवळ नाहीत, फांद्या काटकोनात फुटलेल्या. हे दिसलं की अहवाल टाइप व्हायची वाट न पाहता वॉर्डला फोन करायचा. कारण ही बुरशी तासातासाला पुढे सरकते.

तिचं नाव काळी बुरशी पडलं, पण ती स्वतः काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त अडतं आणि त्यापुढचं मांस मरून काळं पडतं. तुमच्या आमच्या घरात शिळ्या पावावर जी करड्या कापसासारखी वाढते, ती हिची चुलत बहीण. म्हणजे बीजाणू आधीपासून सगळीकडे होतेच. मग तेव्हाच का झालं?

रक्तातली साखर फार वाढली की पांढऱ्या पेशी मंदावतात. साखरेबरोबर रक्तातलं आम्ल वाढलं की एरवी प्रथिनांना बांधलेलं लोह सुटं होतं, आणि या बुरशीला वाढायला लोहच हवं असतं. करोनाने साखर वाढवली. स्टेरॉइडने ती आणखी वाढवली आणि पांढऱ्या पेशींचे हातही बांधले. ऑक्सिजन कमी झालेल्यांचे जीव स्टेरॉइडने वाचले हे खरंच आहे, ते नाकारता येणार नाही. पण गरज नसताना, घरच्या घरी, कुणाची तरी चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर पाहून गोळ्या घेणारेही तेव्हा खूप होते. आणि आपल्याला मधुमेह आहे हे कित्येकांना रुग्णालयात भरती झाल्यावर कळलं.

त्या वर्षी जुलैपर्यंत देशात ४५ हजारांवर रुग्ण आणि ४,३०० वर मृत्यू नोंदले गेले. महाराष्ट्र आणि गुजरात सर्वांत पुढे होते. औषध होतं लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० मिलिग्रॅमच्या साधारण ६ कुप्या, तेही कित्येक दिवस. नातेवाईक एकेका कुपीसाठी गावोगाव फोन करत होते. जे वाचले त्यातल्या काहींनी डोळा गमावला, काहींनी वरचा जबडा.

पुन्हा होईल का? त्या प्रमाणात होण्यासाठी तशीच मोठी साथ आणि स्टेरॉइडचा तसाच वापर लागेल. पण थोड्या थोड्या प्रमाणात हा आजार भारतात कायम होता आणि आहे. मधुमेह असलेल्या माणसाचा एका बाजूचा गाल दुखतोय, चेहरा सुजलाय, नाकातून काळपट स्राव येतोय, वरचे दात हलतायत किंवा एकाचे दोन दिसतायत, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

भिंतीवर काळी बुरशी आलीय. हीच का ती?

ती ही नव्हे. ओल धरलेल्या भिंतीवर वाढणाऱ्या बुरश्या वेगळ्या. दमेकऱ्यांना मात्र त्यांचा खरा त्रास होतो, म्हणून रंग मारून झाकू नका, आधी गळती शोधा. डाग पुसताना खिडकी उघडी ठेवा, नाकाला मास्क लावा, कोरड्या फडक्याने झटकू नका.

नायट्याला मेडिकलमधून ट्यूब आणली. दोन दिवसांत बरं वाटलं, मग दुप्पट झालं. असं का?

यावर मी जरा लांब बोलणार आहे, कारण पुण्यात बुरशी जर कुठे आपल्या डोळ्यांदेखत शिरजोर झाली असेल तर ती इथे.

जुलै-ऑगस्टमध्ये नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव चालतात. कमरेला घट्ट बांधलेला ढोल, घामाने आणि पावसाने भिजलेली जीन्स, तशाच अवस्थेत दुचाकीवरून घरी. त्या दिवसांत कमरेभोवती, जांघेत गजकर्ण घेऊन येणारी मुलं-मुली मी दरवर्षी पाहते. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी आली होती, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची. कंबरपट्ट्याच्या जागी हातभर पट्टा लाल झालेला. पिशवीतून तिने चार ट्यूब काढून टेबलावर ठेवल्या. चारही चिठ्ठीशिवाय घेतलेल्या, एक पथकातल्या ताईने दिलेली. चारपैकी तिनांत स्टेरॉइड होतं.

अशा ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टेरॉइड एकत्र असतं. स्टेरॉइडने खाज आणि लाली दोन दिवसांत बसते, म्हणून माणूस खूश होतो. पण लाली म्हणजे शरीराने बुरशीशी चालवलेला लढा. तो थांबवला की बुरशी निवांत पसरते. नेहमीचं ठळक कडं पुसट होतं, आणि मग अनुभवी डोळ्यालाही हा नायटा आहे की दुसरं काही ते चटकन ओळखता येत नाही. त्यात सततच्या वापराने कातडी पातळ होते आणि जांघेत कायमचे पांढरे चरे उमटतात.

पुढचं आणखी वाईट आहे. भारतात नायट्याची एक नवीच जात फोफावली आहे. २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी, तिथे राहणाऱ्या भारतीय आणि नेपाळी रुग्णांवरून, तिला नाव दिलं ट्रायकोफायटन इंडोटिनी. आपल्या देशाचं नाव तिला चिकटलं याचं मला अजून वाईट वाटतं. टर्बिनाफिन हे नायट्यावरचं भरवशाचं औषध तिच्यातल्या बऱ्याच वाणांवर चालत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या तिच्या दोन रुग्णांची नोंद झाली आणि त्यातली एक बाई अलीकडे देशाबाहेर गेलेलीही नव्हती. आणि ही बुरशी माणसाकडून माणसाला, टॉवेलवरून, कपड्यांवरून लागते. महासाथ नव्हे, पण पसरते, औषधाला जुमानत नाही आणि महिनोन्‌महिने झोपू देत नाही.

सरकारने २०१८ मध्ये स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीवरच विकण्याच्या यादीत घातली. काउंटरवर काय चालतं ते तुम्हीही पाहता. ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन असं लिहिलेलं असेल तर ती नायट्यावर स्वतःच्या मनाने लावू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि त्यांनी सांगितले तितके आठवडे औषध पूर्ण करा, खाज थांबली तरी. घरात दुसऱ्या कुणाला असेल तर त्याचेही उपचार त्याच वेळी करा. टॉवेल वेगळा, आतले कपडे उन्हात किंवा इस्त्रीखाली.

वारीत पायाला चिखल्या झाल्या, त्या गंभीर असतात का?

सहसा नाही. पाय कोरडे ठेवले, बोटांच्या बेचक्या पुसल्या की बऱ्याच बसतात. पण मधुमेह असेल तर त्या भेगेतून दुसरे जंतू शिरतात आणि पाय सुजतो. अशा वारकऱ्याने मुक्कामाला रोज पाय पाहावेत, दिसत नसेल तर सोबत्याला पाहायला सांगावं.

आयसीयूतल्या रुग्णाला कॅन्डिडा ऑरिस निघालं. आम्ही भेटायला जावं का?

जा, पण तिथले नियम पाळून. ही बुरशी हवेतून नाही, स्पर्शातून पसरते. खाटेच्या कठड्यावर, बीपीच्या पट्ट्यावर ती आठवडेच्या आठवडे टिकते आणि फरशी पुसायची काही नेहमीची जंतुनाशकं तिच्यावर चालत नाहीत. क्लोरीनयुक्त द्रावण किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवा, पिशवी-मोबाइल खाटेवर ठेवू नका. निरोगी भेटायला येणाऱ्याला तिच्यापासून आजार होणं फार दुर्मीळ. धोका शेजारच्या खाटेला असतो, तुमच्या हातांमुळे.

रुग्णासाठी मात्र ही बातमी गंभीर आहे. रक्तात उतरलेल्या या बुरशीचे ३० ते ६० टक्के रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत, अर्थात ते आधीच दुसऱ्या मोठ्या आजाराने खंगलेले असतात. फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं नेहमीचं औषध तिच्यावर बहुधा चालत नाही. जुन्या पद्धतीच्या चाचण्यांत तिची ओळखही चुकायची, दुसऱ्याच कॅन्डिडाचं नाव यायचं. म्हणून अहवालात नुसतं "कॅन्डिडा" लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा: कोणती जात आहे, आणि कोणती औषधं चालतात याची चाचणी झाली का?

आमची द्राक्षबाग आहे. फवारणीचा आणि माणसाच्या आजाराचा काय संबंध?

जुन्नर-नारायणगाव भागातल्या एका बागायतदारांनी हे विचारलं होतं आणि उत्तर ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. नावांची शेपटं बघा. भुरीसाठी, म्हणजे द्राक्षावरच्या पांढऱ्या बुरशीरोगासाठी, कृषी सेवा केंद्रातून तुम्ही हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल आणता. दवाखान्यात आम्ही इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल देतो. एकाच कुळातली भावंडं, आणि बुरशीच्या आत एकाच जागी घाव घालणारी.

तुम्ही मारता भुरीला. पण बागेतल्या कुजक्या पाल्यात, शेणखताच्या ढिगात अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस राहत असते. तिलाही तो फवारा मिळतो. त्यातून जी तगते तिच्या बीजाणूंवर हे सगळं कूळच चालेनासं होतं. तो बीजाणू वाऱ्याने ज्याच्या फुप्फुसात जातो त्याने आयुष्यात एकही गोळी खाल्लेली नसली तरी त्याच्यावर औषध लागू पडत नाही. हे आधी नेदरलँड्समध्ये लक्षात आलं, मग भारतातही असे वाण सापडले.

म्हणून फवारणी बंद करा असं मी म्हणणार नाही. एका भुरीने हंगाम जातो, कर्ज मागे राहतं, हे मला माहीत आहे. पण वेळापत्रकाला चिकटून दर आठवड्याला फवारण्यापेक्षा हवामान आणि बागेची स्थिती पाहून फवारा, कुळं आलटून-पालटून वापरा, मात्रा स्वतःहून वाढवू नका, आणि फवारताना मास्क लावा. मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. त्यांचा सल्ला दुकानदाराच्या सल्ल्याच्या आधी घ्या.

टीबी बरा झाला, तरी थुंकीतून रक्त येतंय. पुन्हा टीबीच असेल ना?

असेलही. पण दुसरी शक्यता तपासल्याशिवाय मान्य करू नका. माझे मामा दौंडजवळ राहायचे. तरुणपणी टीबी झाला, औषधं पूर्ण केली, बरे झाले. पन्नाशीत खोकला आणि रक्त सुरू झालं. थुंकीत टीबीचे जंतू मिळाले नाहीत, तरी एका दवाखान्यात त्यांना पुन्हा टीबीचा कोर्स दिला. सहा महिन्यांनी तिसऱ्यांदा. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते आणि मलाही सुचलं नाही, याची बोच आहे. शेवटी सीटी स्कॅन झाला. टीबीने फुप्फुसात केलेल्या जुन्या पोकळीत लिंबाएवढा गोळा होता, कूस बदलली की पोकळीत हलणारा. अ‍ॅस्परजिलसच्या तंतूंचा गुंडा.

टीबी बरा झाला तरी पोकळी राहते, आणि तिथे ही बुरशी घर करते. जगातल्या टीबी रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, म्हणजे अशा पोकळ्या घेऊन जगणारी माणसं किती असतील ते पाहा. अ‍ॅस्परजिलसविरुद्धच्या प्रतिपिंडांची एक साधी रक्तचाचणी असते. थुंकी टीबीसाठी निगेटिव्ह असूनही कुणी टीबीचा कोर्स पुन्हा सुरू करत असेल तर ती चाचणी आणि सीटी स्कॅन याबद्दल विचारा.

डोळ्याला उसाचं पातं लागलं तर?

लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. पात्याच्या करवती कडेने बुबुळाला ओरखडा पडतो आणि त्यातून फ्युजेरियम किंवा अ‍ॅस्परजिलस आत जाते. सुरुवातीला नुसतं खुपतं, आठवड्याने पांढरा ठिपका दिसतो. घरात पडलेले थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर डोळा जाऊ शकतो. यावर नाटामायसिनचे थेंब आहेत, वेळेत सुरू झाले तर दृष्टी वाचते. ऊसतोडणीच्या टोळीला मुकादमाने साधे प्लॅस्टिकचे चष्मे दिले तरी किती डोळे वाचतील.

पावाला एका कोपऱ्यात बुरशी आलीय. तेवढं काढून खाल्लं तर?

टाकून द्या. दिसतो तो हिरवा-काळा भाग म्हणजे बीजाणू. तंतू आतपर्यंत गेलेले असतात. शेंगदाणे, मका, सुकी मिरची यांच्या बाबतीत तर अजिबात हयगय नको. त्यांवर येणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बनवते, ते भाजून-तळून पुरतं जात नाही आणि वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या गावांत बुरशी आलेला मका खाऊन १०० हून अधिक माणसं गेली. कडवट लागलेला दाणा गिळू नका, थुंका.

कबुतरांमुळे बुरशीचा आजार होतो का?

त्यांच्या वाळलेल्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस वाढते. निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. एचआयव्हीने किंवा प्रत्यारोपणानंतरच्या औषधांनी प्रतिकारशक्ती उतरलेल्यांच्या मेंदूच्या आवरणात ती शिरते. एड्सच्या रुग्णांतच जगात वर्षाला लाखाहून अधिक मृत्यू या एका बुरशीने होतात असा अंदाज आहे. बाल्कनी साफ करताना विष्ठेवर आधी पाणी शिंपडा, मग खरवडा. कोरडी झाडू नका.

बुरशीवर औषधं किती आहेत? लस आहे का?

माणसासाठी एकही मान्यताप्राप्त लस नाही. आणि शरीरात खोल गेलेल्या संसर्गावर औषधांची कुळं मोजून चार. कारण विचित्र वाटेल: बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या, म्हणजे आपल्या, जास्त जवळची आहे. तिच्या पेशी आपल्यासारख्या, त्यामुळे तिला मारणारं औषध आपल्यालाही लागतं. अ‍ॅम्फोटेरिसिनने मूत्रपिंडं दुखावतात ती म्हणूनच. ते औषध १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून मिळालं आणि आजही गंभीर रुग्णाला तेच द्यावं लागतं.

या कथेत आपलं पिंपरीही आहे. एचए, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ मध्ये पेनिसिलिन बनवण्यासाठी उभी राहिली. तिथे डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशीवरचं औषध काढलं, हॅमायसिन. त्या जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. पुढे त्याच कंपनीने पिकांसाठी ऑरिओफंजिन काढलं. हॅमायसिन जगाच्या बाजारात मागे पडलं. पण पिंपरीच्या नावाचा जीव आणि त्याच्यापासून बुरशीवर औषध, हे आपण एकदा करून दाखवलेलं आहे. आज त्या तोडीचं काम इथे पुन्हा व्हावं असं मला मनापासून वाटतं.

पुण्यात बुरशीवर संशोधन कुठे होतं?

विषाणू म्हटलं की सगळ्यांना एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था, आठवते. बुरशीसाठी आघारकर संशोधन संस्था आहे, तिथे बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह जिवंत जपला जातो. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना गोंधळ होतो, कारण रस्ता गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा आहे आणि संस्था शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या.

तपासणीसाठी नमुना देताना काय काळजी घ्यावी?

नायट्यासाठी येणार असाल तर काही दिवस आधी मलम बंद करा. किती दिवस ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्या दिवशी पावडर, तेल काही नको. नखासाठी येताना नख कापून येऊ नका, नेलपॉलिश काढून या. खरवडताना दुखत नाही, लहान मुलंही शांत बसतात. पोटॅशची तपासणी त्याच दिवशी कळते. कल्चर, म्हणजे नमुन्यातली बुरशी वाढवून पाहणं, मात्र आम्ही ४ आठवडे ठेवतो, कारण काही बुरश्या सावकाश उगवतात. तिसऱ्या दिवशी फोन करून "काही आलं का?" विचारलंत तर मी "अजून नाही" एवढंच सांगेन. ते "निगेटिव्ह" समजू नका, शेवटचा अहवाल येईपर्यंत थांबा.